विश्लेषण : डोंगरातलं ‘संशोधन केंद्र’ खरं की नुसती पाटी? दोन टेकड्यांची गोष्ट आणि गुहागरच्या सड्यावरचा प्रश्न

डोंगरात जागा घ्यायची, भोवतीची झाडी राखायची, दोन-तीन इमारती उभ्या करायच्या आणि फाटकावर ‘संशोधन केंद्र’ अशी पाटी लावायची. विद्यापीठात जे विषय शिकवत नाहीत, त्यांवर आत काम चालतं. कुणी प्राणशक्ती मोजतं, कुणी जमिनीखालचं पाणी हातातल्या काठीने शोधतं, कुणी औषधाशिवाय आजार बरे करण्याची पद्धत विकसित करत असतं. अशा जागा जगभर आहेत. काहींचं पुढे संस्थेत रूपांतर झालं, काहींचं संग्रहालयात, आणि बऱ्याच नुसत्याच विस्मरणात गेल्या.

कोकणातल्या वाचकाला हा विषय लांबचा नाही. गुहागर तालुक्यात उत्तरेला वाशिष्ठी, दक्षिणेला शास्त्री आणि मधे जांभ्याचे सडे. पावसाळ्यात पाणी सोसत नाही आणि एप्रिल-मे उजाडला की वाडीवाडीत विहिरीच्या तळाकडे बघत बसावं लागतं. बोअर मारायची तर आधी पाणाड्याला बोलावणं आलंच. गुडघेदुखीपासून मधुमेहापर्यंत ‘ऊर्जा’ उपचारांचे व्हिडिओ रोज व्हॉट्सअॅपवर येतात, ते वेगळेच. प्रत्येक दाव्याच्या मागे कुणाचं ना कुणाचं ‘संशोधन’ असतंच.

मग यातलं खरं कोणतं? ‘सगळं थोतांड’ म्हणून हात झटकणं सोपं आहे, ‘आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं’ म्हणणंही तितकंच सोपं आहे. दोन्हींत तपासणी टळते. ती टाळली नाही तर काय होतं आणि टाळली तर काय होतं, हे दोन टेकड्यांच्या इतिहासात स्पष्ट दिसतं. एक टेकडी आपल्या सह्याद्रीतली, लोणावळ्याची. दुसरी अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या जंगलात, रेंजली नावाच्या गावाजवळची.

लोणावळ्यात 1924 साली काय सुरू झालं?

जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म 1883 सालचा. संस्कृतचे विद्यार्थी, राष्ट्रीय चळवळीच्या वातावरणात वाढलेले, बडोद्यात माणिकरावांच्या आखाड्यात व्यायाम शिकलेले. पुढे अमळनेरला त्यांनी शिक्षणसंस्थेत काम केलं. नर्मदाकाठच्या मालसर इथल्या परमहंस माधवदासांकडे त्यांनी योग शिकला. आज आपण त्यांना स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखतो.

त्यांच्यापुढचा प्रश्न साधा होता. योगाच्या क्रियांचे जे परिणाम ग्रंथांत सांगितले आहेत, ते शरीरात खरोखर होतात का, आणि होत असतील तर कसे? त्यांनी बडोद्याच्या रुग्णालयात क्ष-किरण यंत्रापुढे योगक्रिया करवून घेतल्या. ऑक्टोबर 1924 मध्ये लोणावळ्यात ‘कैवल्यधाम’ सुरू झालं. त्याच महिन्यात ‘योग मीमांसा’ हे त्रैमासिकही निघालं.

त्या काळी डॉक्टरांच्या दृष्टीने योग हा बैराग्यांचा विषय होता आणि बैराग्यांच्या दृष्टीने यंत्र हा डॉक्टरांचा. कुवलयानंदांना दोन्ही बाजूंकडून ‘आपला’ म्हणणारे कमीच. आज ज्याला मुख्य प्रवाहाबाहेरचं विज्ञान म्हणतात, ते कैवल्यधाम तेव्हा होतं.

त्यांच्या पहिल्या प्रयोगांपैकी एक फार बोलका आहे. बस्ती या क्रियेत साधक पाण्यात बसतो आणि पाणी गुदद्वारातून आतड्यात वर खेचलं जातं. पंप नाही, पिचकारी नाही, मग पाणी वर चढतं कसं? परंपरेतलं उत्तर वायूंच्या भाषेत होतं. कुवलयानंदांनी नळीच्या एका टोकाला दाबमापक जोडला, दुसरं टोक मोठ्या आतड्यात सोडलं आणि साधकाला उड्डियान व नौली करायला लावली. पोटाचे स्नायू ठरावीक तऱ्हेने ओढले गेले की आतड्यातला दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, असं आकड्यात दिसलं. दाब कमी झाला की पाणी आपोआप आत येणारच. स्ट्रॉने सरबत ओढताना हेच घडतं. या पोकळीला त्यांनी गुरूच्या नावावरून ‘माधवदास व्हॅक्यूम’ म्हटलं.

इथे दोन गोष्टी एकदम झाल्या. क्रिया खरी ठरली आणि तिच्यातलं गूढ गेलं. हे दुसरं नुकसान सोसायची तयारी असणं, ही खऱ्या संशोधनाची पहिली खूण.

निकाल आवडला नाही तर?

ही तयारी किती होती याची पुढची परीक्षाही लोणावळ्यातच झाली. अमेरिकेतल्या येल विद्यापीठातले मानसशास्त्राचे अभ्यासक, मूळचे केरळचे के. टी. बेहानन 1931-32 मध्ये कुवलयानंदांकडे योग शिकायला आले. परत गेल्यावर त्यांनी स्वतःवरच चाचण्या केल्या आणि 1937 मध्ये पुस्तक लिहिलं. प्राणायामानंतर बेरजा करणं, रंगांची नावं सांगणं अशा चाचण्यांत आपला वेग वाढतो की कमी होतो, हे त्यांनी तपासलं. वेग कमी झालेला दिसला. ‘प्राणायामाने मेंदू तल्लख होतो’ असं ऐकून वाढलेल्या कुणालाही हा निकाल आवडणार नाही. तो एका शिष्याने काढला आणि छापला. एका माणसाने स्वतःवर केलेला प्रयोग म्हणून त्याला मर्यादा आहेतच, पण तो लपवला गेला नाही.

प्राणायामाचं महत्त्व जास्त ऑक्सिजन मिळण्यात आहे, ही लोकप्रिय समजूतही खुद्द कुवलयानंदांनी उचलून धरली नाही. शरीरशास्त्राच्या हिशेबातही ती बसत नाही. निरोगी माणूस शांत बसलेला असताना त्याच्या धमन्यांतलं रक्त 97-98 टक्के ऑक्सिजनने भरलेलंच असतं. कोविडच्या काळात घरोघरी पोहोचलेल्या ऑक्सिमीटरने हे सगळ्यांनी पाहिलं आहे. भरलेल्या हंड्यात आणखी पाणी ओतून फारसं काही साधत नाही.

नाडी थांबली म्हणजे हृदय थांबलं का?

योगी हृदय थांबवू शकतात, हा दावा फार जुना. 1935 मध्ये फ्रेंच हृदयतज्ज्ञ तेरेझ ब्रॉस ईसीजी यंत्र घेऊन भारतात आल्या. त्यांच्या नोंदींनी कुतूहल वाढवलं. 1957 मध्ये अमेरिकेतले वेंगर आणि बागची, तसंच दिल्लीच्या एम्समधले बी. के. आनंद यांनी हा प्रश्न पुन्हा हाती घेतला. असा दावा करणाऱ्या योग्यांना त्यांनी यंत्रं जोडली.

मनगटावरची नाडी खरोखर लागेनाशी झाली. स्टेथोस्कोपमधून हृदयाचे ठोकेही ऐकू येईनासे झाले. पण ईसीजीच्या कागदावर ठोके चालूच होते. कारण असं : श्वास रोखून छाती आणि पोटाचे स्नायू जोराने आवळले की छातीतला दाब वाढतो. शिरांमधून हृदयाकडे परतणारं रक्त अडतं, त्यामुळे प्रत्येक ठोक्याला पुढे ढकललं जाणारं रक्त कमी होतं. नाडी क्षीण होते आणि स्नायूंच्या आवाजात ठोके दबून जातात. हृदय मात्र थांबलेलं नसतं. हा निष्कर्ष 1961 मध्ये ‘सर्क्युलेशन’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

योगी खोटं बोलत होते का? तसं म्हणता येणार नाही. बोटाला नाडी लागत नव्हती हे खरंच होतं. फक्त बोट हे त्या दाव्यासाठी पुरेसं यंत्र नव्हतं. दावा जितका मोठा, तितकं मोजमाप पक्कं लागतं.

बंद खड्ड्यातला योगी : हिशेब काय सांगतो?

जमिनीत पुरून घेऊन तासन् तास जिवंत राहणाऱ्या योग्याबद्दल गावोगावी ऐकायला मिळतं. हा चमत्कार किती मोठा आहे, हे शाळेतल्या गणिताने पाहता येतं.

खड्डा 2 मीटर लांब, 1 मीटर रुंद, 2 मीटर खोल धरू. म्हणजे 4 घनमीटर, अर्थात 4000 लिटर हवा. त्यात ऑक्सिजन साधारण 840 लिटर. शांत पडलेला माणूस तासाला सुमारे 15 लिटर ऑक्सिजन वापरतो आणि 12 लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. हवेतलं कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण 5 टक्क्यांवर जायला 200 लिटर लागतील. 200 भागिले 12, म्हणजे 16 ते 17 तास. तोवर ऑक्सिजन 21 टक्क्यांवरून 15 टक्क्यांच्या आसपास उतरलेला असेल. धाप लागेल, डोकं दुखेल, पण निरोगी माणूस जिवंत राहू शकेल. त्यातही साधी माती हवाबंद नसते, बाहेरची हवा थोडीफार आत झिरपतच राहते.

कैवल्यधामच्या करंबेळकर, विनेकर आणि भोळे या संशोधकांनी नेमका हाच प्रयोग केला. खड्डा खरोखर हवाबंद केला आणि आत असा प्रयोग करून दाखवणाऱ्या योग्याबरोबरच इतर माणसांनाही पाळीपाळीने बसवून हवेतले वायू मोजले. योगाचा सराव नसलेली व्यक्तीही कित्येक तास आत राहू शकली. हा निबंध 1968 मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये आला. ‘इतर माणसांनाही’ हे दोन शब्द इथे सगळ्यात महत्त्वाचे. योग्याला एकट्याला बसवलं असतं तर तो चमत्कार दिसला असता. शेजारी साधा माणूस बसवल्यावर तो हवेचा हिशेब ठरला.

(हा प्रयोग कुणीही करून पाहू नये. जुन्या विहिरी आणि बंद टाक्यांत साचलेल्या वायूंमुळे उतरणारी माणसं दगावतात.)

कैवल्यधामचं सगळंच काम आजच्या कसोटीवर उतरतं असं नाही. सुरुवातीच्या बऱ्याच प्रयोगांत माणसं मोजकी होती आणि तुलनेसाठी दुसरा गट नसे. संस्थापकाची योगावर श्रद्धा होती आणि ती त्यांनी लपवलीही नाही. पण पद्धत उघडी ठेवल्यामुळे पुढच्यांना ती सुधारता आली. जुनाट कंबरदुखीवर योगाचा उपयोग होतो का, यावर 2017 मध्ये ‘कॉक्रेन’ या संस्थेने जगभरातल्या चाचण्यांचा आढावा घेतला. व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत हालचालींत थोडी ते मध्यम सुधारणा होते, दुखण्यात फरक पडतो पण तो फार मोठा नसतो, असा त्याचा सूर आहे. जाहिरातीला हे वाक्य फिकं वाटेल. पण रुग्णाला भरवसा ठेवता येईल असं वाक्य हेच.

आता दुसरी टेकडी : रेंजलीच्या जंगलात काय चाललं होतं?

विल्हेम राइश हे ऑस्ट्रियातले मनोविश्लेषक. जन्म 1897. फ्रॉइडच्या वर्तुळातला हुशार तरुण म्हणून त्यांचं नाव झालं होतं. नाझींच्या उदयानंतर ते देशोदेशी फिरत 1939 मध्ये अमेरिकेत पोहोचले. सगळ्या सजीवांत आणि वातावरणात भरून राहिलेली एक ऊर्जा आपल्याला सापडली आहे, असं ते सांगू लागले. तिला त्यांनी ‘ऑर्गोन’ नाव दिलं.

ही ऊर्जा साठवण्यासाठी त्यांनी पेटी बनवली. बाहेर लाकूड, आत धातूचा पत्रा, मधे लोखंडी तारेच्या लोकरीसारख्या पदार्थांचे थर. माणूस आत बसला की ऊर्जा त्याच्या शरीरात जाते, असं सांगितलं जाई. कर्करोगाच्या रुग्णांवरही या पेटीचे प्रयोग झाले. 1942 मध्ये त्यांनी रेंजलीजवळ डोंगर आणि तळ्यांच्या परिसरात जमीन घेतली आणि तिचं नाव ठेवलं ‘ऑर्गोनॉन’. तिथे प्रयोगशाळा आणि वेधशाळा उभ्या राहिल्या. शिष्य आले, नियतकालिक निघालं. वरवर पाहिलं तर लोणावळ्यासारखंच सगळं.

आइनस्टाइन यांच्या तळघरात काय निष्पन्न झालं?

फरक कुठे पडला, ते जमीन घेण्याच्या वर्षभर आधीच्या एका घटनेतून कळतं. 13 जानेवारी 1941 रोजी राइश प्रिन्स्टनला आइनस्टाइन यांना भेटले. भेट चार-पाच तास चालली. पेटीच्या वरचं तापमान भोवतालच्या हवेपेक्षा सतत किंचित जास्त असतं, असा राइश यांचा दावा होता. बाहेरून उष्णता न देता असं होत असेल तर ती भौतिकशास्त्रात खळबळ ठरली असती. आइनस्टाइन यांनी हेटाळणी केली नाही. छोटी पेटी ठेवून घेतली आणि तळघरात स्वतः मोजमाप केलं. फरक खरोखर दिसला.

मग त्यांच्या सहायकाने दुसरं कारण सुचवलं. खोलीतली हवा सगळीकडे सारख्या तापमानाची नसते. छताकडची हवा उबदार, जमिनीकडची थंड. पेटी टेबलावर होती आणि टेबलाच्या फळीमुळे वरची व खालची हवा नीट मिसळत नव्हती. आइनस्टाइन यांनी टेबलाच्या वरचं आणि खालचं तापमान वेगळं मोजून पाहिलं. फरकाचं कारण सापडलं, ऑर्गोनची गरज उरली नाही. फेब्रुवारीत त्यांनी राइश यांना पत्राने हे सविस्तर कळवलं आणि आपल्यापुरता विषय संपल्याचं सांगितलं.

राइश यांनी लांबलचक उत्तर लिहून हे स्पष्टीकरण नाकारलं. पुढे त्यांचे दावे वाढतच गेले. 1951 मध्ये त्यांनी पेटीत रेडियम ठेवून पाहिलं. तिथले लोक आजारी पडले आणि जागा काही काळ रिकामी करावी लागली. त्यानंतर पोकळ नळ्या आकाशाकडे रोखून पाऊस पाडण्याचं यंत्र आलं. प्रत्येक नवा दावा आधीच्या दाव्यावर रचलेला होता आणि सगळ्यात खालची वीट त्या टेबलापाशीच निसटलेली होती.

पुस्तकं जाळली, मग दावा खरा होता का?

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 1947 मध्ये पेट्यांची चौकशी सुरू केली. 1954 मध्ये न्यायालयाने पेट्यांच्या वितरणावर बंदी घातली. विज्ञानाचा निवाडा न्यायालय करू शकत नाही, असं म्हणत राइश सुनावणीला गेलेच नाहीत. बंदी मोडून पेट्या राज्याबाहेर पाठवल्या गेल्या आणि न्यायालयाच्या अवमानाबद्दल त्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली. ऑगस्ट 1956 मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यांचं काही टन साहित्य सरकारी देखरेखीखाली जाळण्यात आलं. 3 नोव्हेंबर 1957 रोजी राइश यांचा तुरुंगात मृत्यू झाला. ऑर्गोनॉनमध्ये आज संग्रहालय आहे.

पुस्तकं जाळणं अन्यायाचं होतं, यावर आज फारसं दुमत नाही. पण त्या अन्यायामुळे टेबलावरच्या हवेचं तापमान बदलत नाही. ‘माझा छळ झाला म्हणजे मी बरोबर होतो’ हा युक्तिवाद अशा केंद्रांबाबत वारंवार ऐकू येतो. सत्तेने एखाद्याला गप्प केलं का, हा एक प्रश्न. त्याचा दावा तपासणीत टिकला का, हा वेगळा प्रश्न. दोन्हींची उत्तरं वेगवेगळी शोधावी लागतात.

गुहागरच्या सड्यावर हीच पट्टी लावली तर?

आता घराजवळचं उदाहरण घेऊ. पाणाड्या सड्यावरून चालतो. हातात वाय आकाराची फांदी किंवा तळहातावर आडवा नारळ. एका जागी फांदी झुकते, नारळ उभा राहतो. तिथे खूण करून बोअर मारली जाते. बऱ्याचदा पाणी लागतंही. मग यात खोटं काय?

पहिली गोष्ट, फांदी खरोखर हलते आणि पाणाड्या ती मुद्दाम हलवत नसतो. ताणून धरलेली फांदी अस्थिर तोलावर असते. मनगट जरासं वळलं की टोक बरंच फिरतं. नकळत होणाऱ्या अशा स्नायूंच्या हालचालींकडे ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ विल्यम कार्पेंटर यांनी 1852 मध्येच लक्ष वेधलं होतं. मनात अपेक्षा आली की हात तिच्याप्रमाणे हलतो आणि हलवणाऱ्याला ते कळत नाही.

दुसरी गोष्ट, अनुभवी माणूस जमीन वाचतो. कोकणात वर सच्छिद्र जांभा, त्याखाली चिकणमातीसारखा थर आणि खाली काळा कातळ अशी रचना बऱ्याच ठिकाणी आढळते. जांभ्यातून पाणी भराभर खाली उतरतं, मातीच्या थरावर अडतं आणि सड्याच्या पायथ्याला, वहाळाच्या कडेला झऱ्याच्या रूपाने बाहेर येतं. 3000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडूनही उन्हाळ्यात सडा कोरडा का, याचं उत्तर यातच आहे. कुठे झाडं उन्हातही हिरवी राहतात, उतार कुठे जातो, शेजारची विहीर किती खोल आहे, हे पाहणाऱ्याला अंदाज येतोच. झाडं आणि वारुळं पाहून पाणी ओळखण्याच्या खुणा वराहमिहिराच्या सहाव्या शतकातल्या ‘बृहत्संहिते’त एका स्वतंत्र अध्यायात दिलेल्या आहेत. ते निरीक्षणाचं ज्ञान आहे आणि त्याला फांदीची गरज नाही.

तिसरी गोष्ट हिशेबाची. समजा एखाद्या भागात दहापैकी सात ठिकाणी थोडंफार पाणी लागतं. तिथे डोळे मिटून दगड फेकला आणि तो पडला तिथे बोअर मारली तरी दहात सात वेळा यश येईल. पाणाड्याच्या सातही यशांची गोष्ट गावभर होते. कोरड्या गेलेल्या तीन बोअरचा खर्च ज्याचा त्याने गिळलेला असतो.

1987-88 मध्ये जर्मनीत म्युनिकजवळ सरकारी पैशांतून याची मोठी चाचणी झाली. सुमारे 500 पाणाड्यांतून 43 जण निवडले गेले. दुमजली कोठारात खालच्या मजल्यावर पाण्याची नळी दर वेळी वेगळ्या जागी सरकवली जाई आणि वर उभ्या पाणाड्याने ती जागा सांगायची. अशा 843 चाचण्या झाल्या. प्रयोग करणाऱ्यांना काही थोड्या जणांत विशेष कौशल्य दिसलं. पण 1999 मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ जे. टी. एनराइट यांनी तेच आकडे पुन्हा तपासले, तेव्हा निकाल अंदाजाने सांगितल्यासारखेच निघाले. एका फेरीत बरोबर ठरलेला माणूस पुढच्या फेरीत तसाच बरोबर राहत नव्हता.

गावात तपासून पाहता येईल का?

येईल, आणि खणण्याआधीच. पाणाड्याला सड्यावर जागा दाखवायला सांगा. ती लांबी-रुंदी मोजून गुपचूप लिहून ठेवा, जमिनीवर खूण ठेवू नका. मग त्याच्या संमतीने डोळ्यांवर पट्टी बांधून, दुसऱ्या दिशेने त्याला पुन्हा त्याच जमिनीवरून हात धरून न्या. फांदी त्याच जागी झुकली पाहिजे. किंवा दोन पाणाड्यांना वेगवेगळ्या दिवशी बोलवा आणि एकाने दाखवलेली जागा दुसऱ्याला सांगू नका. जमिनीखाली खरोखर काही जाणवत असेल तर दोघांच्या खुणा जुळतील.

यालाच आंधळी चाचणी म्हणतात. उत्तर काय यायला हवं हे ज्याची चाचणी आहे त्याला कळू द्यायचं नाही, एवढंच त्याचं तत्त्व. महाराष्ट्रात याचं उत्तम उदाहरण आहे. डॉ. जयंत नारळीकर यांनी सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासोबत 2008 मध्ये फलज्योतिषाची चाचणी घेतली. 100 हुशार आणि 100 मतिमंद मुलांच्या जन्मवेळांवरून कुंडल्या तयार केल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या 40 दिल्या आणि कोणती कुंडली कोणत्या गटातली ते ओळखायला सांगितलं. 27 ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. बरोबर उत्तरांचं प्रमाण 46 टक्के आलं. नाणं उडवून सांगितलं असतं तर 50 टक्क्यांच्या आसपास आलं असतं. हा निबंध 2009 मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये छापून आला.

पाण्यासाठी दुसरा मार्गही आहे. 1972 मध्ये स्थापन झालेली राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींच्या नोंदी ठेवते आणि जमिनीत वीज सोडून तिचा रोध मोजत खालचे थर ओळखते. ही पद्धतही शंभर टक्के बरोबर ठरत नाही. पण ती चुकते तेव्हा चूक नोंदली जाते आणि नकाशा सुधारतो. फांदी चुकली तर फांदीवाला सुधारत नाही, फक्त पुढच्या वाडीला जातो.

पाटी पाहिल्यावर काय विचारायचं?

पाटीवरच्या ‘नोंदणीकृत’ या शब्दाने फार काही ठरत नाही. सोसायटी किंवा सार्वजनिक न्यास म्हणून नोंदणी होते, तेव्हा विश्वस्त, उद्देश आणि हिशेब यांची नोंद होते. दाव्याची वैज्ञानिक तपासणी त्यात नसते. म्हणून हे पाच प्रश्न जवळ ठेवावेत :

1. नेमकं काय मोजलं? ‘ऊर्जा वाढते’ हे मोजमाप नव्हे. दाब, तापमान, साखर, पाण्याची पातळी ही मोजमापं.

2. तुलना कुणाशी केली? उपचार घेतलेले बरे झाले, पण न घेतलेल्यांपैकी किती जण बरे झाले?

3. आंधळी चाचणी झाली का?

4. फसलेला प्रयोग कुठे छापला आहे? एकही फसलेला प्रयोग नसलेली प्रयोगशाळा जगात नाही.

5. बाहेरच्या, हितसंबंध नसलेल्या कुणी तो पुन्हा करून पाहिला का? आणि निकाल विरोधात गेल्यावर केंद्राने काय केलं?

आजाराचा प्रश्न असेल तर सहावी गोष्ट. चालू औषध बंद करा असं कोणतंही केंद्र सांगत असेल, तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं. कर्करोग, मधुमेह अशा ठरावीक आजारांवर हमखास उपायाची जाहिरात करणं 1954 च्या औषधे आणि जादूई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने गुन्हा आहे. पैसे घेऊन फसवणूक झाली असेल तर ग्राहक आयोगाकडे जाता येतं. शेतीविषयक दावा असेल तर दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ आणि तालुका कृषी कार्यालय जवळच आहेत.

थोडक्यात

लोणावळा आणि रेंजली, दोन्ही ठिकाणी डोंगर होता, झाडी होती, विद्यापीठाबाहेरचा बुद्धिमान संस्थापक होता, श्रद्धावान शिष्य होते आणि स्वतःचं नियतकालिक होतं. कैवल्यधामला 2024 मध्ये शंभर वर्षं झाली आणि ‘योग मीमांसा’ अजून निघतं. ऑर्गोनॉनमधल्या पेट्या आता संग्रहालयात आहेत. एका ठिकाणी यंत्राने श्रद्धेला ‘इथवरच’ असं सांगितलं, तेव्हा ते ऐकलं गेलं. दुसऱ्या ठिकाणी थर्मामीटरचं म्हणणं आइनस्टाइन यांनी समजावूनही ऐकलं गेलं नाही.

मुख्य प्रवाहाबाहेर काम करणं हा दोष नाही. कुवलयानंदही बाहेरच होते. गुहागरच्या डोंगरात उद्या कुणी असं केंद्र काढलं तर त्याची टिंगल करण्याचं किंवा लगेच देणगीची पावती फाडण्याचं कारण नाही. आत जावं, चहा घ्यावा आणि फसलेल्या प्रयोगांची वही दाखवा म्हणावं. वही असेल, तर बसून वाचण्यासारखी असेल.